कॉम्प्युटर मध्येच बंद पडला? मेकॅनिकला फोन लावण्याआधी त्याची नोंदवही वाचा

माळशिरस (प्रतिनिधी) : पीकविम्याची मुदत संपायला दोन दिवस राहिले होते. तालुक्यातल्या एका गावातल्या सेवा केंद्रावर सकाळपासून रांग होती. मी पण मका आणि बाजरीची कागदं घेऊन रांगेतच उभा. दहा वाजून गेले आणि कॉम्प्युटर फट् करून बंद पडला. परत चालू केला, अर्धा फॉर्म भरला, परत बंद. दुपारपर्यंत चार वेळा हेच झालं. रोजगार बुडवून आलेल्या दोन बाया कंटाळून घरी निघून गेल्या.

रांगेतले एक तात्या चिडून म्हणाले, "हे पोरगं मुद्दाम बंद करतंय. उद्या गर्दी वाढली की जादा पैसं मागायला मोकळं." केंद्र चालवणारं पोरगं रडकुंडीला आलं. "तात्या, आईशप्पथ, मी हात पण लावला नाय. आपोआप बंद पडतोय." त्यानं मेकॅनिकला फोन लावला. मेकॅनिकनं मशीन न बघताच सांगितलं, मदरबोर्ड गेला असंल, पाच हजार धरून चाला.

आता यात खरं कोण? तात्या, पोरगं का मेकॅनिक? याचं उत्तर त्या कॉम्प्युटरमध्येच लिहिलेलं होतं. दहा मिनिटांत ते सापडलं. ते कसं शोधायचं हे प्रत्येकाला यावं म्हणून ही माहिती. घरी पोरांचा लॅपटॉप असो, ग्रामपंचायतीतला कॉम्प्युटर असो नाहीतर दूध डेअरीतला, पद्धत एकच आहे.

नोंदवही म्हणजे काय?

डेअरीत जसं रोजचं दूध वहीत लिहितात, तसं विंडोज आपल्या आत काय काय घडलं ते तारीख-वेळेसकट लिहून ठेवतं. चालू कधी झाला, बंद कधी झाला, कुणी केला, कुठला भाग अडला, सगळं. याला 'लॉग' म्हणतात. प्रत्येक नोंदीला एक नंबर असतो, त्याला 'इव्हेंट आयडी' म्हणतात. आपल्याला सगळी वही वाचायची गरज नाही. पाच-सात नंबर ओळखता आले की काम भागतं.

यासाठी वेगळं काही डाउनलोड करायचं नाही, पैसे भरायचे नाहीत, इंटरनेट पण लागत नाही. विंडोज १० आणि ११ दोन्हीत ही सोय आधीपासून आहे.

वही उघडायची कशी?

१) खाली पट्टीवर विंडोजचं चिन्ह असतं, म्हणजे स्टार्ट बटण. त्यावर माऊसचं उजवं बटण दाबा. यादी उघडेल, त्यात 'इव्हेंट व्ह्यूअर' वर क्लिक करा.

२) डाव्या बाजूला 'विंडोज लॉग्स' दिसेल. त्याच्या शेजारचा बाण दाबला की खाली पाच नावं येतात. त्यातलं 'सिस्टिम' निवडा.

३) आता हजारो ओळी दिसतील. त्यात लाल आणि पिवळ्या खुणा बघून घाबरू नका. चांगल्या चालणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये पण त्या असतातच.

४) उजव्या बाजूला 'फिल्टर करंट लॉग' वर क्लिक करा. एक चौकट उघडेल. त्यात जिथं 'ऑल इव्हेंट आयडीज' लिहिलंय, तिथं हे नंबर स्वल्पविराम देऊन टाका : ४१, १००१, १०७४, ६००५, ६००६, ६००८. आकडे इंग्रजी कीबोर्डवरचेच टाकायचे. 'ओके' करा.

आता कामाच्या तेवढ्याच ओळी राहतील. सगळ्यात नवी नोंद वर असते, जुनी खाली.

कुठल्या नंबरचा काय अर्थ?

१०७४ : कुणीतरी सांगून बंद किंवा रिस्टार्ट केला. ही सगळ्यात कामाची नोंद. ओळीवर क्लिक केलं की खाली मजकूर येतो. त्यात कुठल्या प्रोग्रॅमनं बंद केला, कुठल्या वापरकर्त्याच्या नावानं केला आणि कारण काय, हे तिन्ही असतं. वापरकर्त्याचं नाव तुमचं असेल तर तुमच्याच लॉगिनमधून बंद झालाय. नावाच्या जागी 'सिस्टिम' असेल आणि कारणात अपडेटचा उल्लेख असेल, तर विंडोजनं अपडेटसाठी आपणहून रिस्टार्ट घेतलाय.

६००६ : नोंद ठेवणारी सेवा नीट थांबली, म्हणजे कॉम्प्युटर रीतसर बंद झाला.

६००५ : तीच सेवा परत सुरू झाली, म्हणजे कॉम्प्युटर चालू झाला.

६००८ : मागच्या वेळी कॉम्प्युटर अनपेक्षित बंद पडला. कधी बंद पडला ती वेळ या नोंदीच्या मजकुरात दिलेली असते.

४१ : 'कर्नल पॉवर' या नावानं येते, समोर 'क्रिटिकल' लिहिलेलं असतं. अर्थ एवढाच, की नीट बंद न होताच मशीन परत चालू झालं. बरेच जण हीच ओळ बघून घाबरतात.

१००१ : 'बगचेक' या नावानं आली असेल तर निळी स्क्रीन येऊन मशीन पडलं. कुठला कोड आला तो मजकुरात असतो.

एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवा. विंडोज १० आणि ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय बहुतेक वेळा चालू असते. त्यामुळं 'शटडाउन' केलं तरी मशीन आतून पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपतं. अशा वेळी ६००५ आणि ६००६ दिसतीलच असं नाही. म्हणून भर १०७४ आणि ४१ वर ठेवा.

वेळ बघताना इथं चूक होते

४१ आणि ६००८ या नोंदी बंद पडताना लिहिल्या जात नाहीत. लाईट गेल्यावर लिहिणार कोण? परत चालू झाल्यावर विंडोज मागं वळून बघतं, आपण नीट बंद झालो नव्हतो हे त्याला कळतं, आणि मग ते ही नोंद करतं. त्यामुळं ४१ च्या ओळीपुढची वेळ ही परत चालू झाल्याची असते. रात्री अकराला पडलेला कॉम्प्युटर सकाळी आठला चालू केला, तर ४१ पुढं सकाळचे आठ दिसतील. बंद पडल्याची वेळ पाहिजे असेल तर ६००८ चा मजकूर वाचा. ती पण घड्याळ लावून अचूक नसते, काही मिनिटं मागंपुढं धरायची.

दुसरं, कॉम्प्युटरचं घड्याळ बरोबर आहे का ते आधी बघा. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवर नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल असतो. तो संपला की लाईट गेल्यावर तारीख-वेळ मागं जाते आणि वहीतल्या तारखा पण चुकतात. चालू केल्यावर दरवेळी तारीख चुकीची येत असेल तर आधी हा सेल बदला.

४१ आली, आता पुढं?

४१ च्या ओळीवर डबल क्लिक करा. वर 'जनरल' आणि 'डिटेल्स' असे दोन भाग दिसतील. 'डिटेल्स' मध्ये जा. तिथं दोन ओळी शोधा : 'बगचेककोड' आणि 'पॉवरबटनटाइमस्टॅम्प'. यावरून तीन वाटा निघतात.

पहिली : बगचेककोड शून्य नाही. म्हणजे निळी स्क्रीन आली होती. ड्रायव्हर, रॅम किंवा डिस्कमध्ये दोष असू शकतो. इथला आकडा साध्या पद्धतीतला असतो आणि इंटरनेटवर कोड वेगळ्या पद्धतीत लिहितात. उदाहरणार्थ इथं १५९ असेल तर तो ९एफ नावानं सापडतो. विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये 'प्रोग्रॅमर' निवडून आकडा टाकला की 'हेक्स' पुढं उत्तर येतं.

दुसरी : बगचेककोड शून्य, पण पॉवरबटनटाइमस्टॅम्प पुढं लांबलचक आकडा. म्हणजे कुणीतरी पॉवरचं बटण दाबून धरलं होतं. लहान पोरं, दाबून बसलेलं बटण, नाहीतर मशीन अडकल्यावर आपणच.

तिसरी : दोन्ही शून्य. म्हणजे विंडोजला काही कळायच्या आत करंट तुटला, नाहीतर मशीन जागीच गोठलं. यात लाईट जाणं, व्होल्टेज पडणं, सैल वायर, खराब यूपीएस, खराब एसएमपीएस किंवा जास्त तापणं, यातलं काहीही असू शकतं.

तापण्याचं म्हणाल, तर काही मशीनवर कर्नल पॉवरची ८६ नंबरची नोंद येते, तिच्यात 'थर्मल' हा शब्द असतो. ती आली तर पंख्यातली धूळ काढा. आपल्याकडं गुऱ्हाळ, पिठाची गिरणी नाहीतर मातीच्या रस्त्याशेजारी कॉम्प्युटर असेल तर वर्षभरात आत गोधडी तयार होते. 'डिस्क' या नावानं ७ नंबरची नोंद आली तर डिस्कवर खराब जागा झालीय. अशा वेळी दुरुस्ती नंतर बघा, आधी सगळी कागदं आणि फोटो पेनड्राइव्हवर काढून घ्या.

कधी कधी मशीन बंद झालेलंच नसतं, झोपलेलं असतं. कर्नल पॉवरची ४२ नंबरची नोंद म्हणजे कॉम्प्युटर 'स्लीप' मध्ये गेला. लॅपटॉपचं झाकण पडलं, बराच वेळ कुणी हात लावला नाही किंवा बॅटरी संपली, यातलं कारण तिथंच लिहिलेलं असतं.

त्या दिवशी वहीत काय निघालं?

पोराला म्हणलं, जरा सरक. फिल्टर लावला. त्या दिवशीच्या चार वेळा समोर आल्या. तीन वेळा ४१ आणि ६००८ ची जोडी होती. तिन्हीत बगचेककोड शून्य, बटणाचा आकडा पण शून्य, आणि त्या वेळेला १०७४ कुठंच नाही. म्हणजे पोरानं बंद केलेला नव्हता, बटण दाबून धरलेलं नव्हतं आणि निळी स्क्रीन पण नव्हती. चौथ्या वेळेला मात्र १०७४ होती आणि नाव पोराचंच. त्याला विचारलं तर तो लगेच म्हणाला, "हां दादा, प्रिंटर चालंना म्हणून तेवढा एकदा मीच रिस्टार्ट मारला."

मग बाकीच्या तीन वेळांचं काय? पहिली वेळ दहाच्या पुढची. मागच्या दिवसांच्या नोंदी काढल्या. त्या आठवड्यात रोज दहाच्या पुढं एक ४१ होतीच. त्या आठवड्यात आमच्या भागात शेतीची थ्री फेज लाईट दिवसा होती आणि ती दहाला यायची. केंद्राचा गाळा आणि मागच्या मळ्यातल्या मोटारी एकाच डीपीवर. थ्री फेज आली की ऑटो लावलेल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि क्षणभर व्होल्टेज पडतं. बल्ब नुसता मंद होतो, पण कॉम्प्युटर तेवढ्यात पडतो. त्या दिवशी लाईन दोनदा ट्रिप होऊन परत आली, म्हणून परत दोनदा तसंच झालं.

पोरगं म्हणालं, "पण दादा, यूपीएस आहे की." यूपीएसचा हिरवा दिवा पण जळत होता. कॉम्प्युटर रीतसर बंद केला, त्याच्या जागी यूपीएसला साधा टेबल लॅम्प लावला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. लॅम्प जागेवर विझला. बॅटरी मेली होती. छोट्या यूपीएसमधली बॅटरी साधारण दोन-तीन वर्षं चालते, ही त्याच्या पुढं गेली होती. संध्याकाळी अकलूजवरून साडेनऊशे रुपयांची बॅटरी आणून बसवली. दुसऱ्या दिवशी दहा वाजता बल्ब मंद झाला, यूपीएसनं टकटक आवाज केला, कॉम्प्युटर चालूच राहिला. घरी गेलेल्या दोन्ही बायांचे फॉर्म त्या दिवशी भरून झाले.

तात्या पण आले होते. पोराकडं बघून म्हणाले, "मग लाईटीचंच काम म्हण की." एवढंच म्हणाले, पण रांगेतल्या सगळ्यांसमोर म्हणाले.

वही काय सांगत नाही?

करंट तुटला हे वही सांगते. का तुटला हे सांगत नाही. ते बाहेर जाऊन बघावं लागतं.

मोठ्या गोष्टीत पण हेच होतं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली आणि लोकल गाड्या जागेवर थांबल्या. कारण काय, यावर पुढं वाद झाला. १ मार्च २०२१ ला तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर विभागाच्या प्राथमिक अहवालावरून घातपाताचा संशय बोलून दाखवला. तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र ही मानवी चूक असल्याचं सांगितलं. त्या सकाळी यूपीएस नसलेल्या मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या वहीत नुसती ४१ उमटली असणार. तिच्यावरून हा वाद मिटत नाही.

उलटं उदाहरण १९ जुलै २०२४ चं. त्या दिवशी जगभरात कॉम्प्युटरवर निळ्या स्क्रीन आल्या, विमानतळांवर रांगा लागल्या, आपल्या देशात काही ठिकाणी प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले. अनेकांना हल्ला झाला असं वाटलं. निघालं वेगळंच. क्राउडस्ट्राइक या कंपनीनं आपल्या सुरक्षा प्रोग्रॅमचं सदोष अपडेट सोडलं होतं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं सुमारे ८५ लाख विंडोज मशीन त्यात अडकली. तिथं करंट तुटला नव्हता, मशीन आतून पडत होती, आणि निळ्या स्क्रीनच्या कोडनं तपासाची दिशा दिली.

यातून आपल्यापुरतं एवढं घ्या : त्याच वेळी शेजारचा बल्ब, टीव्ही, फ्रीज पण बंद पडला का, हे पहिलं विचारा. पडला असेल तर कारण बाहेर आहे. एकटा कॉम्प्युटरच पडत असेल तर कारण यूपीएस, वायर किंवा मशीनच्या आत शोधा.

नोंद जपून ठेवा

ही वही कायमची राहत नाही. तिला ठराविक जागा असते, साधारण २० एमबी. ती भरली की जुन्या नोंदी पुसून नव्या लिहिल्या जातात. म्हणून वाद झाला असेल, वॉरंटीत मशीन द्यायचं असेल किंवा ऑफिसला खुलासा द्यायचा असेल तर लगेच दोन कामं करा. एक, त्या ओळीचा मोबाईलवर फोटो काढा, तारीख-वेळ आणि नंबर दिसला पाहिजे. दोन, उजव्या बाजूला नोंदी सेव्ह करण्याचा पर्याय आहे, त्यातून फाइल करून पेनड्राइव्हवर ठेवा.

'क्लिअर लॉग' हे बटण कधी दाबू नका, कुणी सांगितलं तरी. आणि कुणी मुद्दाम वही पुसलीच, तर पुसल्याची सुद्धा १०४ नंबरची नोंद राहते, नावासकट.

इंग्रजी नंबर नकोच वाटत असेल तर स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' असं इंग्रजीत टाईप करून 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्ट्री' उघडा. तिथं दिवसांचे रकाने दिसतात आणि ज्या दिवशी मशीन नीट बंद झालं नाही तिथं लाल फुली असते. कारणाच्या खोलात जाता येत नाही, पण कुठल्या दिवशी किती वेळा झालं हे एका नजरेत कळतं.

थोडक्यात

१०७४ असेल तर नाव आणि कारण वाचा. ४१ असेल तर बगचेककोड आणि बटणाचा आकडा बघा. दोन्ही शून्य असतील तर वेळा कागदावर लिहून काढा आणि त्या लाईटीच्या वेळांशी लावून बघा. यूपीएस लॅम्प लावून तपासा. पंखा साफ करा. तरी कळलं नाही तर मग मेकॅनिककडं जा, आणि जाताना या नोंदींचा फोटो घेऊन जा. "बंद पडतोय" एवढंच सांगितलं तर तो अंदाजानं भाग बदलणार. "रोज दहाला पडतोय, ४१ येते, दोन्ही आकडे शून्य" असं सांगितलं तर त्याला पण नीट काम करता येतं, आणि तुमचे पैसे वाचतात.

सेवा केंद्र चालवणाऱ्या पोरांनी तर मुदतीचे दिवस यायच्या आधीच एकदा हे बघून ठेवा. रांग लागल्यावर वेळ मिळत नाही.

माहिती कामाची वाटली तर गावाच्या ग्रुपवर पाठवा.